जेवढं दिसलं तेवढंच

(कोल्हापुरात राजर्षी शाहू स्मारक भवनात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी खाली जिन्याजवळ एका मुलानं मला अडवलं. सातवी-आठवीतला असेल. नमस्कार केला आणि थेट विचारलं, "सर, तुम्ही वरून किती जणांना मारलंत?" त्याची आई त्याला मागं ओढायला लागली. मी म्हटलं, राहू द्या, विचारू दे त्याला. सीमा आणि वैमानिक हे दोन शब्द एकत्र आले की कुणाच्याही डोळ्यांपुढं लढाऊ विमानच येणार. बाळ, तू कुठं बसला आहेस ते इथल्या उजेडात मला दिसत नाही, पण तुझं उत्तर सगळ्यात आधी देतो. एकालाही नाही. सीमा सुरक्षा दलात असताना मी जे हेलिकॉप्टर उडवलं त्याच्यावर शस्त्रच नव्हतं. माझ्याकडं दोन डोळे होते, शेजारी सहवैमानिकाचे दोन, मागं तंत्रज्ञाचे दोन, आणि एक रेडिओ. त्या डोळ्यांनी काय केलं आणि काय करायचं टाळलं, त्याविषयी मी आज बोलणार आहे.

मी मूळचा हवाई दलाचा. तिथून काही वर्षांसाठी प्रतिनियुक्तीवर सीमा सुरक्षा दलाच्या हवाई शाखेत गेलो. आता आपल्या जिल्ह्याला फौजेची ओळख करून द्यायची गरज नाही. शिरोळ तालुक्यात एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. कागल, गडहिंग्लज, चंदगडकडं कितीतरी घरांत भिंतीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या गणवेशातला फोटो असतो. तरीसुद्धा सीमा सुरक्षा दल म्हणजे सैन्य नव्हे, हे मला इथं प्रत्येक वेळी सांगावं लागतं. सैन्य संरक्षण मंत्रालयाचं. सीमा सुरक्षा दल गृह मंत्रालयाचं, म्हणजे केंद्राचं सशस्त्र पोलीस दल. युद्ध सुरू झालं की सीमा सैन्याच्या हाती जाते. युद्ध नसतं तेव्हा, म्हणजे जवळजवळ नेहमीच, ती पोलिसांच्या हाती असते.

१९६५ पर्यंत पाकिस्तानलगतची सीमा त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस सांभाळायचे. ९ एप्रिल १९६५ ला कच्छच्या रणात सरदार चौकीवर पाकिस्तानी सैन्यानं हल्ला केला. चौकीवर केंद्रीय राखीव पोलिसांच्या फक्त काही तुकड्या होत्या. त्यांनी तो हल्ला परतवला, पण सीमेसाठी एकच स्वतंत्र दल हवं हे त्या दिवसानं पक्कं केलं. १ डिसेंबर १९६५ ला सीमा सुरक्षा दल उभं राहिलं. त्याचे पहिले प्रमुख खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी. हे पारशी गृहस्थ जन्मले आपल्या विदर्भात, नागपूरजवळच्या कामठीला. महाराष्ट्रात हे फार कमी लोकांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. दल उभं राहिल्यावर चारच वर्षांत, १९६९ मध्ये, दलाची स्वतःची हवाई शाखा सुरू झाली. पोलिसांना स्वतःची विमानं कशाला, असा प्रश्न तेव्हाही अनेकांना पडला असेल. त्याचं उत्तर नकाशात आहे. पाकिस्तानची सीमा ३,३२३ किलोमीटर, बांगलादेशची ४,०९६. त्यात वाळवंट आहे, खाडी आहे, पावसाळ्यात पात्र बदलणाऱ्या नद्या आहेत. कितीतरी चौक्यांवर आजारी जवानाला जीपनं दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर अख्खा दिवस जातो.

त्यामुळं या शाखेचं रोजचं काम तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ साधं आहे. जवान एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचे. औषधं, भाजीपाला, टपाल पोचवायचं. निवडणुकीत मतदान यंत्रं आणि कर्मचारी पोचवायचे. झारखंड-छत्तीसगडच्या जंगलातून जखमी जवान बाहेर काढायचे. हे शेवटचं काम मी एमआय-१७ या मोठ्या हेलिकॉप्टरवर केलं. तेरा टनांचं ते धूड भाताच्या खाचराएवढ्या जागेत उतरवायचं, पंखा फिरता ठेवायचा, आणि स्ट्रेचर आत येईपर्यंत झाडीकडं बघायचं. त्या कामाबद्दल मी एवढंच बोलतो. ज्यांना आम्ही वेळेत पोचवलं ते आज आपापल्या घरी आहेत. ज्यांना पोचवू शकलो नाही, त्यांच्याबद्दल व्यासपीठावरून बोलणं माझ्यानं होत नाही.

आता सीमेकडं येऊ.

१९९१ साली, ६ एप्रिलला, भारत आणि पाकिस्तान यांच्यात एक करार झाला. दोन्हीकडच्या विमानांनी चुकून एकमेकांच्या हद्दीत जाऊ नये यासाठी. त्यातली मुख्य अट अशी की लढाऊ विमानं सीमेपासून १० किलोमीटरच्या आत यायची नाहीत. सशस्त्र हेलिकॉप्टरही त्यातच धरलं आहे. शस्त्र नसलेलं हेलिकॉप्टर मात्र १,००० मीटरपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे दहा किलोमीटर ते एक किलोमीटर हा जो पट्टा आहे, तिथं फक्त बिनशस्त्रानंच उडायचं. बाळ, तुझ्या प्रश्नाच्या उत्तरातला अर्धा भाग हा आहे. शस्त्र लावलं असतं तर मला तिथं जाताच आलं नसतं.

हे एक हजार मीटर किती, ते हिशेबानं सांगतो. माझं हेलिकॉप्टर ताशी १८० किलोमीटर वेगानं चाललं आहे असं धरा. म्हणजे सेकंदाला ५० मीटर. एक किलोमीटर संपायला २० सेकंद. इथं तुम्ही दसरा चौकात सिग्नलला थांबता तेव्हा वीस सेकंद कसे जातात ते आठवा. तेवढ्या वेळात तोंड चुकीच्या दिशेला राहिलं तर मी दुसऱ्या देशात असतो. आणि कच्छच्या रणात उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा वारा असा काही वाहतो की हेलिकॉप्टरचं नाक एकीकडं आणि प्रत्यक्ष वाट दुसरीकडं. म्हणून सीमेला समांतर उडताना एक वैमानिक फक्त बाहेर बघतो आणि दुसरा फक्त नकाशा आणि उपकरणं बघतो. दोघांनी एकाच वेळी एकच गोष्ट बघायची नाही. खाली कितीही महत्त्वाचं काही दिसलं तरी नाही. हा नियम मोडायचा मोह फार होतो, कारण माणसाची मान आपोआप वळते.

कच्छचं मोठं रण ज्यांनी पाहिलं आहे त्यांनी बहुतेक थंडीत, पौर्णिमेला, पर्यटक म्हणून पाहिलं असेल. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं, नंतर ते आटतं आणि मिठाचा थर मागं राहतो. जमिनीवर उभं राहून ते फार सुंदर दिसतं. हवेतून दुपारी बारा वाजता ते वैमानिकाची परीक्षा घेतं. खाली पांढरं, वर पांढुरकं, आणि मध्ये जी रेघ असायला हवी ती क्षितिजाची रेघच नाही. झाड नाही, घर नाही, रस्ता नाही. खालचा दगड मुठीएवढा आहे की बैलगाडीएवढा, कळत नाही. त्यामुळं आपण शंभर फुटांवर आहोत की पाचशे, हेही डोळ्यांना कळत नाही.

त्यात कानाच्या आत तोल सांभाळणारी जी नळ्यांची रचना असते ती फसते. हेलिकॉप्टर हळूहळू एका बाजूला कलत जातं तेव्हा तिला ते समजतच नाही. मग वैमानिक उपकरण बघून सरळ करतो, आणि त्या क्षणी सगळं शरीर ओरडून सांगतं, की आता तू वाकडा झालास. मी हे अनुभवलं आहे. मांड्या, मान, पोट, सगळे एका बाजूला, आणि समोरची छोटी तबकडी दुसऱ्या बाजूला. तबकडीचं ऐकायचं. गगनबावड्याच्या घाटात श्रावणातल्या धुक्यात गाडी चालवणारा माणूस जसा सगळं सोडून रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून ठेवतो, तसं. उतरताना तर पंख्याच्या वाऱ्यानं मीठ आणि धूळ एकदम वर उठते आणि शेवटच्या वीस-तीस फुटांत काचेबाहेर काहीच उरत नाही. सहवैमानिक आकडे म्हणत असतो, "पन्नास... चाळीस... तीस..." तेवढा एक आवाज असतो. त्याच्यावर विश्वास ठेवून हात स्थिर ठेवायचा.

मीठ अंगावर येतं, तसंच इंजिनातही जातं आणि धातू खातं. म्हणून उड्डाण झालं की आमचे तंत्रज्ञ गोड्या पाण्यानं इंजिन धुवायचे. ज्या भागात जवान टँकरच्या पाण्यात अंघोळ उरकतात तिथं इंजिनाला रोज गोडं पाणी. आमचे एक जुने तंत्रज्ञ होते, राजस्थानचे. दुष्काळ बघितलेला माणूस. इंजिन धुऊन खाली ओघळलेलं पाणी ते पत्र्याच्या पन्हाळीनं डब्यात धरायचे आणि तळावरच्या एका कडुलिंबाच्या रोपाला घालायचे. त्यात थोडं मीठ असणारच. तरी ते रोप जगलं.

या तंत्रज्ञांची आठवण निघाली की मला २२ डिसेंबर २०१५ हा दिवस आठवतोच. दलाचं एक छोटं सुपर किंग विमान दिल्लीहून रांचीला निघालं होतं. तिथं बंद पडलेलं हेलिकॉप्टर दुरुस्त करायला तंत्रज्ञांचं पथक चाललं होतं. उड्डाणानंतर काही मिनिटांत ते दिल्लीतल्याच द्वारका भागाजवळ कोसळलं. आतले सगळे दहा जण गेले. वैमानिकाचं नाव लोक विचारतात, फोटो काढतात. यंत्र उडण्यालायक ठेवणाऱ्या या माणसांना कुणी विचारत नाही, म्हणून मी प्रत्येक भाषणात त्यांचा उल्लेख करतो.

पोलिसाचं उड्डाण आणि सैनिकाचं उड्डाण यात फरक कुठं पडतो? माझ्या मते बोलण्यात पडतो. सीमा सुरक्षा दलाचा कायदा १९६८ चा आहे. त्याच्या कलम १३९ नं दलाला झडती, जप्ती, अटक असे अधिकार मिळतात. २०२१ मध्ये पंजाब, बंगाल, आसाममध्ये या अधिकारांची हद्द सीमेपासून ५० किलोमीटर करण्यात आली, त्यावर वादही झाला, तो तुम्ही वाचला असेल. पण पकडलेला माणूस दलाला स्वतःकडं ठेवता येत नाही. त्याला स्थानिक पोलिसांच्या हवाली करावं लागतं, पंचनामा होतो, मग न्यायालय. म्हणजे मी हवेतून रेडिओवर जे बोललो त्याची वेळ, जागा, शब्द, सगळं पुढं कुणाच्या तरी समोर कागदावर येऊ शकतं. अमेरिकेत सीमाशुल्क आणि सीमा संरक्षण खात्याचे वैमानिक तर स्वतःच कायदा अंमलबजावणीचे अधिकारी असतात, त्यांना अटक करायचा अधिकार असतो. आपल्याकडं रचना वेगळी आहे, पण शब्दाची जबाबदारी तीच.

एकदा मला साक्षीला बोलावलं होतं. सीमेवरच्या एका जिल्ह्यातलं छोटं न्यायालय, छताचा पंखा कुरकुरत होता. एका माणसानं उंटाच्या वाटेवर पोतं टाकलं आणि पळाला, असं प्रकरण होतं. पोतं नंतर दलाच्या पायी गस्तीला सापडलं, त्यात अफू निघाली. बचाव पक्षाच्या वकिलांनी मला विचारलं, "तुम्ही पोत्यातला माल पाहिलात?" मी म्हटलं, "नाही." "मग काय पाहिलंत?" "पोतं पाहिलं." "माणसाचा चेहरा पाहिलात?" "नाही. त्याच्या डोक्याला लाल कापड होतं, तेवढं पाहिलं." सरकारी वकील माझ्याकडं जरा नाराजीनं बघत होते. त्यांना आणखी काहीतरी हवं होतं. पण त्या उंचीवरून चेहरा दिसत नाही, आणि जे दिसलं नाही ते शपथेवर कसं सांगायचं? तो खटला पुढं गस्तीच्या जवानांच्या साक्षीवर उभा राहिला. त्यांनी पोतं हातात घेतलं होतं.

लहानपणी आण्णा मला खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचे. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान असं आहे की मागच्या माणसालाही आखाडा स्वच्छ दिसतो. आम्ही नेहमी वर बसायचो. एकदा एक पैलवान अचानक चीत झाला, मी ओरडलो, "त्यानं पायच ओढला!" आण्णा म्हणाले, "इतनं आखाडा दिसतोय, पकड दिसत न्हाई. खाली बसलेल्याला इचार." तेव्हा मला त्यांचा राग आला होता. पुढं पंचवीस वर्षं मी वरूनच बघत राहिलो, आणि त्यांचं ते वाक्य प्रत्येक उड्डाणात माझ्याबरोबर होतं.

आता ज्या पहाटेसाठी मी हे सगळं सांगतो आहे ती पहाट.

२०१२ चा हिवाळा. कच्छमध्ये लखपतच्या बाजूला, कोरी खाडीवर आम्ही उजाडायच्या आधी उड्डाण घेतलं होतं. हेलिकॉप्टर ध्रुव, आपल्याच देशात बनलेलं, दोन इंजिनांचं. खाडीचा तो भाग म्हणजे चिखल, तिवरांची बेटं आणि त्यांच्या मधून फिरणारं भरतीचं पाणी. मागच्या दारात आमचा तंत्रज्ञ हातात थर्मल इमेजर घेऊन बसला होता. अंगाची उष्णता टिपणारं ते दुर्बिणीसारखं यंत्र, त्यात गार पाणी काळं आणि गरम वस्तू पांढरी दिसते. त्याचा आवाज आला, "सर, पानी में सिर हैं. बहुत सारे." मी विचारलं, किती? त्यानं मोजले. अकरा. पाण्यातून एका ओळीत बेटाकडं सरकत होते.

सहवैमानिक तरुण होता, हुशार होता. त्याचा हात रेडिओच्या बटणाकडं गेला आणि तो म्हणाला, "सर, घुसखोर. अकरा जण. कळवू?" त्याच्या जागी मी असतो, त्या वयात, तर मीही हेच म्हणालो असतो. मुंबईवरच्या हल्ल्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. दहा माणसं समुद्रातून आली होती. अकरा डोकी, अंधार, खाडी, सीमा जवळ. सगळं जुळत होतं. मी त्याला म्हटलं, थांब. तुला माणसं दिसली का? तो म्हणाला, डोकी दिसली. मी म्हटलं, मग डोकीसुद्धा म्हणू नकोस. आपल्याला उष्ण ठिपके दिसले आहेत. आणि रेडिओवर आम्ही कळवलं ते असं: पाण्यात अकरा उष्ण ठिपके, आकार नक्की नाही, एका ओळीत, बेटाच्या दिशेनं संथ हालचाल, होडी दिसत नाही. वेळ आणि जागेचे आकडे. बस.

खाली दलाची गस्ती बोट निघाली. आम्ही लांबून घिरट्या घालत राहिलो. फार जवळ गेलो असतो तर पंख्याच्या वाऱ्यानं पाणी उसळलं असतं. पूर्वेकडं फटफटायला लागलं. आधी ठिपक्यांच्या खाली लांब माना दिसायला लागल्या. मग पहिला ठिपका चिखलावर चढला, आणि पाण्यातून एक आख्खा उंट बाहेर आला. अंगाचं पाणी झाडत. त्याच्यामागं दुसरा, तिसरा. नऊ उंट, आणि शेवटी दोन माणसं, कमरेपर्यंत चिखलात.

ते खाराई उंट होते. कच्छमध्ये उंटांची ही जात आहे, भरतीच्या पाण्यात पोहत ती तिवरांच्या बेटांवर चरायला जाते. त्यांना पाळणारे फकिराणी जत पिढ्यानपिढ्या हेच करतात. उंट पोहतात हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की मला काय दिसलं आणि काय दिसलं नाही. बोटीवरच्या जवानांनी त्या दोघांची ओळखपत्रं पाहिली आणि ते परतले. आम्ही घुसखोर असं कळवलं असतं तर बोटीवरची माणसं वेगळ्या तयारीनं गेली असती, अंधारात, बोटं चापावर. त्या दोन माणसांनी आवाज ऐकून चिखलात पळायचा प्रयत्न केला असता तर? मी ते चित्र पूर्ण करत नाही.

याच कच्छच्या आकाशात असं चित्र एकदा पूर्ण झालेलं आहे. १९ सप्टेंबर १९६५. गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता एका छोट्या बीचक्राफ्ट विमानातून सीमाभागाकडं निघाले होते. बरोबर त्यांच्या पत्नी, त्यांचे कर्मचारी, एक पत्रकार. वैमानिक होते जहांगीर इंजिनिअर. पाकिस्तानी लढाऊ विमानाचा वैमानिक कैस हुसेन त्यांच्यावर आला. हे नागरी विमान आहे असं त्यानं खाली कळवलंही. तरी पाडायचा आदेश आला, आणि त्यानं पाडलं. हेरगिरीचं विमान असेल असं खाली बसलेल्या कुणाला तरी वाटलं होतं. आठही जण गेले. सेहेचाळीस वर्षांनी, २०११ मध्ये, म्हाताऱ्या झालेल्या हुसेननी इंजिनिअर यांच्या मुलीला पत्र लिहून दुःख व्यक्त केलं. तिनंही त्या पत्राला मोठ्या मनानं उत्तर दिलं. युद्धाचे दिवस होते, मी त्या माणसाचा न्याय करायला बसलेलो नाही. पण त्या भागावर उडताना ही घटना माझ्या मनात नव्हती असं एकदाही झालं नाही. त्याला बरोबर दिसलं होतं. जे दिसलं ते टिकलं नाही, दुसऱ्याला जे वाटलं ते टिकलं.

आता तुमच्यातला कुणीतरी उठून म्हणेल, आणि ते रास्त आहे, की इतकं जपून बोलत बसलात तर एखादा खरा शत्रू निसटेल. होय. २००८ मध्ये ते दहा जण कुबेर नावाच्या आपल्याच मच्छीमार होडीतून आले. ती त्यांनी समुद्रात बळकावली होती. वरून कुणी पाहिलं असतं तरी त्याला रोजच्यासारखी एक भारतीय होडीच दिसली असती. म्हणून तर त्यानंतर होड्यांना राज्यवार रंग ठरले, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, तटरक्षक दलाकडं जास्त जबाबदारी आली. वरच्या डोळ्याला जिथं मर्यादा आहे तिथं खाली माणूस पाठवावा लागतो. वैमानिकानं अंदाज ठोकून ती मर्यादा भरून काढायची नसते. माझं हे मत अनुभवातून बनलं आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

ड्रोनबद्दल चिठ्ठी आली आहे. थोडक्यात सांगतो. पंजाबच्या सीमेवर आता हेरॉइन आणि पिस्तुलं छोट्या ड्रोननं टाकली जातात. २०२४ या एका वर्षात दलानं तिथं अडीचशेहून जास्त ड्रोन पकडले. आपणही ड्रोन वापरतो, ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला दलाच्या अकादमीत त्याचं खास प्रशिक्षण आता सुरू झालं आहे. वैमानिक लागणार नाहीत का? जखमी माणसाला उचलून आणेपर्यंत तरी लागतील.

पालकांचे प्रश्न बरेच आहेत. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित ठेवा, हे पहिलं. मग एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा, किंवा पदवीनंतर सीडीएस आणि एएफकॅट या प्रवेश परीक्षा. मुलींना २०२२ पासून एनडीए खुली झाली आहे, तेव्हा पोरींच्या आयांनी मागं बसू नये. तटरक्षक दलही वैमानिक घेतं. आपल्या शेजारी रत्नागिरीला त्यांचा तळ आहे. किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, ही आपली आर्थिक हद्द. तिच्यावर डॉर्नियर विमानानं गस्त घालणं हे अगदी मी सांगतो आहे त्याच जातीचं काम. हवाई दलात वैमानिकासाठी उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते, पायांची लांबी, बसल्यावरची उंची, सगळं मोजतात. आणि वैमानिक निवडीची जी संगणकावरची चाचणी असते ती पुन्हा पुन्हा देता येत नाही.  म्हणून अर्धवट तयारीनं "बघू तरी" म्हणत जाऊ नका. आपल्याच भागातल्या एका शेतकऱ्यानं मुलाच्या वैमानिक प्रशिक्षणासाठी ऊस पिकणारी जमीन विकली. एका संस्थेनं सरकारी दलात हमखास निवडीचं आश्वासन दिलं होतं. निवड झाली नाही, जमीन गेली. सैन्यात आणि दलांत प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं. हमखास निवड कुणीही देऊ शकत नाही. जो देतो म्हणतो त्याच्या दारातून परत फिरा.

एक गोष्ट राहिली. निवृत्त होऊन मी घरी आलो आणि २०१९ चा ऑगस्ट आला. तुम्हाला त्याबद्दल मी काय सांगायचं? पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, आणि पाणी त्याच्या कितीतरी वर. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद. मी शिरोळ तालुक्यात आक्काकडं गेलो होतो आणि तिथंच अडकलो. गच्चीवर आम्ही चाळीसेक माणसं, दोन शेळ्या, आणि खाली जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत कृष्णा. तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरचा आवाज आला. लोक उठले, ओढण्या, टॉवेल हलवायला लागले. दाजींनी तर ताडपत्रीच हातात धरली. मी जन्मात पहिल्यांदा हेलिकॉप्टर खालून बघत होतो, वाट बघणाऱ्या माणसाच्या जागेवरून. मला वरच्या वैमानिकाला काय दिसत असेल ते दिसत होतं. एक राखाडी चौकोन, त्याच्यावर रंगीत ठिपके. ते ठिपके म्हणजे आक्का आहे, तिच्या नातवाला ताप आहे, हे त्याला तिथून दिसणं शक्य नव्हतं.

मी ओरडलो, ताडपत्री खाली घाला, पत्र्यावर दगड ठेवा, वाऱ्यानं उडालं तर पंख्यात जाईल. पोरांनी ऐकलं. आजारी पोराला घेतलेल्या आक्काला मी गच्चीच्या मोकळ्या कोपऱ्यात एकटीला उभं केलं आणि बाकीच्यांना दुसऱ्या बाजूला खाली बसवलं. म्हणजे वरच्याला काहीतरी वेगळं दिसावं. हेलिकॉप्टर पाकिटं टाकून गेलं. पुढच्या गच्चीवर थांबलं, मग आणखी पुढं. मला वाटलं, दिसलं नाही त्याला. तासाभरानं लष्कराची बोट थेट आमच्या जिन्याला लागली. बोटीतल्या जवानानं पहिला प्रश्न विचारला, "कोपऱ्यात बाळ घेऊन उभी असलेली बाई कुठली?"

माझं लॉगबुक मी आज बरोबर आणलं आहे. कोरी खाडीच्या त्या पहाटेची नोंद ज्या पानावर आहे तिथं खूण घातली आहे. ओळ एकच आहे: ध्रुव, १ तास ५० मिनिटं, सीमा गस्त, ११ ठिपके, ९ उंट, २ माणसं. पहिल्या रांगेपासून मागं द्या. पानं जुनी आहेत, जरा सांभाळून उलटा. आणि जिन्याजवळ भेटलेल्या त्या मुलापर्यंत ते पोचेल एवढं बघा.